लोरायडर : बुटक्या गाड्यांची परंपरा

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतील तरुण जुन्या शेव्हरोले गाड्या घेऊन त्या जमिनीलगत आणू लागले. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती ठेवणे. त्याने मागची बाजू खाली बसे, पण गाडीवर कायमचे ओझे राही. पुढच्या स्प्रिंगची एक-दोन वेटोळी कापली की गाडी उतरे. मात्र उरलेली स्प्रिंग आखूड आणि ताठर झाल्याने खड्ड्यात सरळ दणका बसे. मागे पाट्याच्या स्प्रिंगा असल्यास पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये ठोकळे बसवत. त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता उंची कमी होई.

१९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने नियम केला : चाकाच्या रिमच्या तळापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नको. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी तोडगा काढला. त्यांनी आपल्या कॉर्व्हेटमध्ये विमानांच्या सुट्या भागांतले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बसवले. आता बटण दाबताच गाडी कायदेशीर उंचीवर येई आणि पुन्हा खालीही बसे. पुढे पंप, बॅटऱ्या आणि सिलिंडर यांची जुळणी हे स्वतंत्र कसब बनले. १९६४ ची इम्पाला या छंदाची मानाची गाडी ठरली.

लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावरील या गाड्यांच्या संथ फेऱ्यांवर पोलिसांनी वारंवार निर्बंध आणले, तरी समाजाने ही कला जपली. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने उंचीचा तो नियम आणि अशा फेऱ्यांवरील स्थानिक बंदी रद्द केली.