मुचकुंदीचा गाळ

सह्याद्रींत माचाळाजवळ उगम पावणारी मुचकुंदी पूर्णगडाच्या पायथ्याशीं समुद्राला मिळते. किल्ला लहान, त्याचें महत्त्व तटापेक्षां खाडीच्या मुखावरील पहाऱ्यांत होतें, कारण गलबतें येथून थेट साटवलीपर्यंत जात. १८१८ सालीं किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. बंदर मात्र कोणा शत्रूनें घेतलें नाहीं. सरपणासाठीं व शेतीसाठीं डोंगर उघडे पडले, पावसाळ्यागणिक माती खाडींत उतरली, आणि उरलासुरला व्यापार मोटारींनीं नेला.

पलीकडे गावखडीच्या वाळूंत सागरी कासवें अंडीं घालितात. कोंकणकिनाऱ्यावर पूर्वीं तीं खाण्यासाठीं उकरून नेत. आतां ग्रामस्थच वनखात्याच्या साहाय्यानें तीं कुंपणांत पुरून राखितात आणि निघालेलीं पिलें समुद्रांत सोडितात.