द इन्व्हेडर्स (आणि ॲग्नेस मूरहेड)

‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील एक भाग. सीबीएस वाहिनीवर २७ जानेवारी १९६१ रोजी प्रथम प्रक्षेपित. लेखक रिचर्ड मॅथेसन, दिग्दर्शक डग्लस हेज, संगीत जेरी गोल्डस्मिथ. आडवळणाच्या, वीज नसलेल्या घरात एकटीच राहणारी एक बाई, तिच्या छपरावर उतरलेली लहानशी तबकडी आणि तीतून बाहेर पडलेले वीतभर उंचीचे घुसखोर, एवढाच या सुमारे पंचवीस मिनिटांचा ऐवज. घुसखोरांच्या शस्त्रांनी तिच्या अंगावर फोड उठतात. तिच्याच स्वयंपाकघरातली सुरी तिच्यावर चालते. शेवटी ती एकाला पांघरुणात गुंडाळून आपटून मारते, चुलाण्यात फेकते आणि कुऱ्हाड घेऊन छपरावर चढते. फुटत्या तबकडीतून शेवटचा प्रवासी आपल्या तळाला इंग्रजीत बजावतो, की इथे महाकाय प्राणी राहतात, इकडे पुन्हा कोणी फिरकू नका. मग कॅमेरा तबकडीवर रंगवलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या अक्षरांवर जाऊन थांबतो. घुसखोर पृथ्वीवरची माणसे होती. आपण जिला माणूस धरून चाललो, ती माणूस नव्हती.

या भागाची ख्याती बहुधा या कलाटणीमुळे आहे. तिचे श्रेय मॅथेसन यांना जाते आणि ते रास्तही आहे. ‘द श्रिंकिंग मॅन’ (१९५६) या कादंबरीत त्यांनी आकसत जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून घरातले कोळी-मांजर अक्राळविक्राळ करून दाखवले होते. इथे तोच खेळ उलट्या बाजूने मांडला आहे. पण कलाटणी येते शेवटच्या मिनिटात. त्याआधीचा सगळा वेळ पडद्यावर एकटी बाई आहे आणि ती एक शब्दही बोलत नाही. ती बोलली असती, तर रहस्य तिथेच संपले असते: इंग्रजीत बोलली असती तर शेवट खोटा पडला असता, अनोळखी भाषेत बोलली असती तर पहिल्याच वाक्याला फुटला असता. म्हणजे कथेचा सांधा तिच्या मौनावर आहे. ते मौन पेलण्याची तयारी या बाईची भूमिका करणाऱ्या ॲग्नेस मूरहेड यांनी केली होती ती, विचित्र वाटेल, पण नभोनाट्यात.

ॲग्नेस मूरहेड (६ डिसेंबर १९०० – ३० एप्रिल १९७४) यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील क्लिंटनचा. दिग्दर्शक-अभिनेते ऑर्सन वेल्स यांच्या मर्क्युरी थिएटर या नाट्यसंस्थेच्या त्या सदस्य. ‘द शॅडो’ या रेडिओमालिकेत त्या वेल्स यांच्या नायिका होत्या. ‘सिटिझन केन’ (१९४१) मधील केनची आई ही त्यांची पहिली चित्रपटभूमिका, तर ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ (१९४२) मधील फॅनी आत्याने त्यांना पहिले ऑस्कर नामांकन मिळवून दिले. मात्र त्यांच्या कलेचा गाभा पाहायचा तर १९४३ मध्ये ‘सस्पेन्स’ या रेडिओमालिकेत झालेल्या ‘सॉरी, राँग नंबर’कडे वळावे लागते. ल्युसिल फ्लेचर यांच्या या श्रुतिकेत अंथरुणाला खिळलेली एक बाई चुकून जुळलेल्या फोनवर खुनाचा बेत ऐकते. श्रोत्यांना दिसत काहीच नाही. भीती चढत जाते ती आवंढ्यातून, अडकलेल्या श्वासातून, वाक्य अर्धवट सुटण्यातून. श्रोत्यांच्या मागणीवरून मूरहेड यांनी ती पुढे अनेकदा सादर केली. १९४८ च्या चित्रपटात मात्र भूमिका बार्बरा स्टॅनविक यांच्याकडे गेली. (हॉलिवूडचा हिशेब निराळा असतो.) आपल्याकडच्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर रेडिओवर आंगिक (शरीराचा अभिनय) वजा होते आणि वाचिक (वाणीचा अभिनय) उरते, ‘द इन्व्हेडर्स’मध्ये वाचिकातून शब्द वजा केले आहेत, उरले आहेत ते धाप, कण्हणे, घशातल्या घशात दबलेली किंकाळी. यातला प्रत्येक ध्वनी मूरहेड यांनी मायक्रोफोनपुढे घोटलेला होता. साठी गाठलेल्या या अभिनेत्रीने त्याला फक्त शरीराची जोड दिली: शिडी चढताना जड पडणारी पावले, दिवा धरलेला ताठ हात, पाय ओढत मागे सरणे.

या भागावर पहिला आक्षेप असा, की घुसखोर उघड उघड चावीची खेळणी वाटतात. खुद्द मॅथेसनही या बाहुल्यांवर आणि भागाच्या संथ गतीवर नाराज होते. तक्रार खरी आहे. पण म्हणूनच अभिनयाचे वजन कळते: त्या बाहुल्यांकडे पाहून भीती वाटत नाही, त्यांच्याकडे पाहणाऱ्या बाईकडे पाहून वाटते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. तिचे मौन ही लेखकाची लबाडी, एरवी इतक्या संकटात कोण गप्प राहील? पण वर्षानुवर्षे एकट्या असलेल्या बाईने बोलावे तरी कुणाशी? मालिकेचे जनक आणि निवेदक रॉड सर्लिंग यांच्या निवेदनातही हे एकटेपण सुरुवातीलाच सांगितले जाते, आणि घर पृथ्वीवर आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. ती समजूत आपली. मूरहेड यांचा अभिनय भडक आहे, हा तिसरा आक्षेप काही जागी मान्य करावा लागतो. डोळे विस्फारणे नाटकी थाटाचे आहे. तरीही दुसऱ्यांदा पाहताना त्याच हालचालींत जनावराचा धसका दिसू लागतो, आणि ती माणूस नाही हे ठाऊक असल्याने तो खटकत नाही.

पुढे ‘बिविच्ड’ (१९६४–७२) मधील एन्डोरा या चेटकीण सासूने मूरहेड यांना घरोघर पोचवले. एन्डोराच्या वाट्याला टोमणे भरपूर होते, शांतता क्वचितच. त्यामुळे लोकांच्या स्मरणात राहिली ती नेमकी उलट मूरहेड. ऑस्करसाठी त्यांना चार नामांकने मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. १९६७ चा एमी हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला तो ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’च्या एका भागासाठी. ‘द इन्व्हेडर्स’साठी त्यांचे एमी नामांकनही झाले नव्हते.