काळी-पिवळीची वंशावळ

परभणी-गंगाखेड रस्त्यावर एके काळी एसटी चुकली तरी कुणी हातपाय गाळत नसे. मागून काळी-पिवळी यायचीच. बहुतेकदा महिंद्राची कमांडर. आत समोरासमोर बाकडी, टपावर पोती, मागे लोंबकळणारे दोघे-तिघे आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. पाटा तुटला तर तालुक्याचा मिस्त्री गाडी लगेच उभी करून देई. अस्सल देशी गाडी!

तिचं मूळ मात्र अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या विलीज जीपचे सुटे भाग मुंबईत यायचे आणि महिंद्रा ते जोडायची. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ही कंपनी आधी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव बदललं. पुढे जीपचे भाग भारतातच बनू लागले. डिझेल इंजिन आलं फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्यावर. २००० साली बोलेरो आली, तोवर उसनवारीतून घरची विद्या तयार झाली होती.

मग नातीगोती उलटीपालटी झाली. २००१ साली मराठवाड्यातच, शेंद्र्याला, चेक कंपनी स्कोडाच्या मोटारी बनू लागल्या. २०१७ साली खुद्द अमेरिकन ‘जीप’ पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होऊ लागली. आणि पुढच्याच वर्षी महिंद्राची ‘रॉक्सर’ आमच्या जीपसारखी दिसते, म्हणून जीपच्या मालक कंपनीने अमेरिकेत तक्रार गुदरली. २०२० साली निकाल महिंद्राच्या विरोधात गेला; रूप पालटल्यावरच रॉक्सरला वाट मिळाली.

मग देशी कोण? शेंद्र्यात घाम गाळणारा कामगार आपलाच, गाडीवरचं नाव परकं असलं म्हणून काय झालं? एवढ्यावर प्रश्न मिटला असता. पण तळेगाव आठवतं. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या अखेरीस तळेगावचं उत्पादनही. निर्णय अमेरिकेत झाला, रोजगार मावळात बुडाला.

मालक कुठला, हे कंपनी गाशा गुंडाळते तेव्हा कळतं. देशी कंपनीही कारखाना बंद करू शकते, पण तिला जायला दुसरं घर नसतं. तरीही परभणीत गाडी घेताना बिल्ल्यावरचा देश पाहून भुलू नका. ती बनते कुठे, आणि दहा वर्षांनी तिचा पाटा गंगाखेडात मिळेल का, हे आधी विचारा. देशी आणि परक्या गाडीची उत्तरं सारखीच आली, तर खुशाल देशी घ्या.