साखर आणि शुगर : एका शब्दाची दोन घरे

मराठी कुटुंबात आज दोन वाक्ये सहज कानी पडतात. 'चहात साखर किती घालू?' हे एक, आणि 'त्यांना शुगर आहे' हे दुसरे. पहिल्या वाक्यातील शब्द स्वयंपाकघरातला, दुसऱ्यातील दवाखान्यातला. बोलणाऱ्यास हे दोन निराळे शब्द वाटतात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहू गेल्यास ते एकाच शब्दाची दोन रूपे होत. या रूपांची ताटातूट कशी झाली आणि आपल्या आहाराच्या इतिहासाशी तिचा काय संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक वैद्य नव्हे. भाषेच्या अभ्यासकास जे दिसते तेवढेच येथे मांडले आहे.

संस्कृत 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडे, बारीक कंकर असा आहे. आयुर्वेदात मूत्रमार्गातील बारीक खड्यांनाही हीच संज्ञा आढळते. उसाचा रस आटवून जो रवाळ पदार्थ निघाला, त्यास खड्यांशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी नावे ओळीने येतात. ही नुसती यादी नव्हे. प्रत्येक नाव रस किती आटला, किती निथळला, दाणा किती धरला, याची एकेक पायरी सांगते. नाव घेतले की पदार्थाची अवस्था कळत असे. यांपैकी 'शर्करा' हा शब्द पालीत 'सक्खरा' झाला व मराठीत 'साखर' म्हणून स्थिरावला. तोच शब्द पश्चिमेकडे निघाला तो फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', इटालियनमध्ये 'झुक्केरो', फ्रेंचमध्ये 'सुक्र' अशी मजल दरमजल करीत इंग्रजीत 'शुगर' होऊन बसला. 'खण्ड' हाही मागे राहिला नाही. इंग्रजी 'कँडी' त्याचाच वंशज. आणि मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी शर्करेचेच स्थानिक रूप उचलले, त्यातून गुळाचे इंग्रजी नाव 'जॅगरी' निघाले.

मराठीपुरते पाहता, गुऱ्हाळाची परिभाषा अर्थशास्त्रातील त्या जुन्या पद्धतीशी फार जवळची आहे. काहिलीत रस उकळतो, त्यावरची मळी काढतात, मग काकवी, मग गूळ, आणि गुळाची ढेप. साखरेची नावेही तशीच : खडीसाखर, पिठीसाखर. गूळ हा नित्याचा, साखर मात्र दुर्मिळ. याचा पुरावा कोठल्या दप्तरात शोधावयास नको. तो भाषेतच आहे. विवाह ठरला म्हणजे 'साखरपुडा' होतो. साखरेची नुसती पुडी सोयरिकीची साक्ष ठरावी, इतके त्या पुडीला मोल होते. मोठ्या आनंदाच्या प्रसंगी 'हत्तीवरून साखर वाटली' असे म्हणतात; हा थाट राजाला शोभणारा. पहाटेच्या गाढ झोपेला 'साखरझोप' म्हणणाऱ्या भाषकांना साखर रोज चमच्याने खाण्याची सवय नसावी, असे अनुमान करावयास हरकत नाही.

शेजारच्या भाषांत साखरेच्या नावांवर देशांचेही शिक्के आहेत. हिंदीतील 'चीनी' चीनकडे बोट दाखविते, 'मिस्री' इजिप्तकडे. मॉरिशसहून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला गुजरातीत व जुन्या मराठीत 'मोरस' म्हणत. या एका शब्दामागे केवढा इतिहास दडला आहे! इ. स. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून जी माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांत मराठी भाषकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात. येथल्या माणसांनी समुद्रापार ऊस तोडावा आणि त्याची साखर परक्या नावाने इकडे परत यावी, असा तो व्यवहार होता.

पुढील घडामोडी सुपरिचित आहेत. १९३२ साली साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे सहकारी कारखाना सुरू झाला. या चळवळीने शेतकऱ्याच्या हाती काय दिले, याचा हिशोब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे, आणि तो उणा लेखण्याचे कारण नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की, पुडीतली वस्तू पोत्यात आली.

तरीही ती डोळ्यांना दिसत होती. चहात किती चमचे, लाडवात किती वाट्या, हे घालणाऱ्याच्या हातात होते. खरा पालट झाला तो कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यपदार्थांनी. बिस्किटे, पाव, टोमॅटोचे सॉस, बाटलीतील पेये, न्याहारीची पाकीटबंद धान्ये यांतील साखर कोणी घालताना पाहिलेली नसते. तिची नावेही पालटली : लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या हिशोबात धरलेच जात नाही, परंतु पोटात गेल्यावर त्याचे ग्लुकोज होण्यास फारसा वेळ लागत नाही. जुनी नावे पदार्थाची अवस्था सांगत. ही नावे, निदान सामान्य वाचकापुरती, ती झाकतात. त्यातही 'ग्लुकोज' या शब्दाचे नशीब पाहण्याजोगे आहे. बिस्किटाच्या पुड्यावर तो शक्तीचे आश्वासन असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात तोच भीतीचे कारण होतो.

मधुमेहाची ओळख आपल्याकडे नवी नाही. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत आहे, आणि प्रमेहाच्या कारणांत अंग न हलविण्याच्या सुखाबरोबर गुळापासून केलेल्या पदार्थांचाही उल्लेख आहे. मूत्राची गोडी साखरेचीच, हे मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये दाखविले. नवे आहे ते प्रमाण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तो केवळ साखर खाल्ल्याने होतो असे नाही; आनुवंशिकता, शरीराचा घेर, बैठे जीवन, पांढरा भात व मैदा यांचाही त्यात वाटा आहे. या बाबतीत 'शुगर' हे रोगनाम दिशाभूलच करते. केविन हॉल यांनी अमेरिकेत २० व्यक्तींवर केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे लक्षात घ्यावयास हवा. पुढे ठेवलेल्या दोन्ही आहारांत साखर, स्निग्धांश, तंतू ही सारखीच राखली होती. तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दोन आठवड्यांत त्या व्यक्तींनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या व त्यांचे वजन वाढले. म्हणजे दोष एकट्या साखरेचा नाही, तिला ज्या रूपात आपल्यापुढे ठेवले जाते त्या रूपाचाही आहे.

आता त्या दोन घरांकडे परत येऊ. साखर या शब्दाचा संबंध मराठी मनात पुडीशी, सणाशी, अगत्याशी आहे. शुगर हा शब्द रक्ताच्या तपासणीबरोबर आला. रोगाला परके नाव मिळाले आणि अन्नाचे नाव स्वच्छ राहिले. त्यामुळे 'मला शुगर आहे, मी साखर खात नाही' असे सांगणारा गृहस्थ चहाबरोबर चार बिस्किटे खातो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या भाषेत बिस्किटात साखर नाहीच. गुळाच्या चहाच्या दुकानांपुढील गर्दीचेही हेच मर्म आहे. गुळात बहुतांशी सुक्रोजच असते, परंतु नाव वेगळे म्हणून वस्तू वेगळी मानली जाते.

कायद्यालाही शब्दांची ही अडचण जाणवू लागली आहे, असे दिसते. २०२० च्या नियमांनी एकूण साखर आणि वरून घातलेली साखर आवरणावर वेगळी दाखविणे आवश्यक केले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्या शब्दाची व्याख्याच नाही. एका शब्दाला व्याख्या नसल्याची दखल मंत्रालयाने घ्यावी, याचा आमच्या विषयाच्या लोकांना थोडा आनंद होणे स्वाभाविक आहे. मात्र तोच नियमसंच आवरणावरील मजकूर इंग्रजी किंवा देवनागरी हिंदी यांपैकी एका भाषेत असला म्हणजे पुरे मानतो. अन्य भाषेची मुभा आहे, सक्ती नाही. म्हणून वर सांगितलेल्या गृहस्थाने पुडा उलटून पाहिला तरी, अतिशय बारीक अक्षरांत, त्याला तेथे बहुधा 'शुगर' भेटते. 'साखर' भेटत नाही.