दोन वर्षांची पायरी, चार वर्षांचा जिना

आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याचा अर्थ निराळा. बारावीनंतरची पहिली दोन वर्षे घराजवळ, कमी खर्चात शिकवणारी ती संस्था. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. इथे दोन वर्षे काढायची आणि उरलेली दोन विद्यापीठात पुरी करून पदवी घ्यायची, अशी ही सोय.

श्रोतेहो, खेळात चमकणाऱ्या मुलाच्या घरी तिथे एक प्रश्न हमखास निघतो. थेट चार वर्षांच्या विद्यापीठात जावे, की आधी ही पायरी चढावी? या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे.

विद्यापीठांच्या खेळांचे नियम एनसीएए ही संघटना ठरवते. आपल्या धावपटूंना तिच्या स्पर्धेत उतरू द्यावे, अशी मागणी कॅलिफोर्नियातल्या तेरा ज्युनियर कॉलेजांनी १९३७ मध्ये केली. ती फेटाळली गेली. तेव्हा त्यांनी १९३८ मध्ये फ्रेस्नो इथे स्वतःचीच संघटना स्थापली. म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजांची वेगळी पंगत बसली, ती मोठ्यांच्या पंगतीत पान मिळाले नाही म्हणून!

नेमक्या त्याच वर्षांत पॅसाडेना ज्युनियर कॉलेजात जॅकी रॉबिन्सन शिकत होता. त्याचा थोरला भाऊ मॅक याच कॉलेजचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग येऊन त्याने रौप्यपदक मिळवले होते. मे १९३८ मध्ये जॅकीने २५ फूट साडेसहा इंच लांब उडी मारून भावाचाच विक्रम मोडला आणि त्याच दिवशी दुसऱ्या गावी जाऊन बेसबॉलचा सामनाही खेळला. दोन वर्षांत त्याचे नाव इतके झाले की विद्यापीठेच त्याच्याकडे येऊ लागली. त्याने घराजवळचे यूसीएलए निवडले आणि तिथे चार खेळांत विद्यापीठाचा मानचिन्हधारक ठरलेला पहिला खेळाडू झाला.

इथवरची गोष्ट पायरीच्या बाजूची आहे. पुढची तितकी सुखाची नाही. १९४१ मध्ये जॅकीने पदवी न घेताच विद्यापीठ सोडले. आईला हातभार लावायचा होता आणि कितीही शिकले तरी काळ्या माणसाला नोकरी मिळणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. ती निराधार नव्हती. ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या मॅकला पॅसाडेना शहराने काम दिले ते रस्ते झाडण्याचे. जॅकी १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि त्याने बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली. पण असा जॅकी एखादाच. बाकीच्यांनी कशाच्या आधारावर उभे राहायचे?

१९८६ पासून एनसीएएने शालेय गुणांची आणि प्रवेश परीक्षेची किमान अट घातली. ती पुरी न करणाऱ्याला विद्यापीठात पहिल्या वर्षी खेळता येईना. या नियमाचा फटका काळ्या मुलांना अधिक बसला. त्यातल्या अनेकांना कम्युनिटी कॉलेजचेच दार उघडे राहिले.

काहींना तिथे पाठवले ते गुणांनी नव्हे, तर मागणीच्या अभावाने. फुटबॉलपटू आरोन रॉजर्सला २००२ मध्ये एकाही मोठ्या विद्यापीठाने क्रीडा शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो घराजवळच्या ब्यूट कॉलेजात खेळला. बर्कलेचे प्रशिक्षक तिथे दुसऱ्याच खेळाडूला पाहायला आले होते. त्यांच्या नजरेत हा भरला. विद्यापीठाच्या राखीव खेळाडूंत बसला असता तर त्याला ही संधी कुठून मिळती?

मग पायरीच बरी का? तिचा हिशोबही पाहावा लागतो. ज्युनियर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेत वरच्या गटातली कॉलेजे पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात, तिसऱ्या गटातली देत नाहीत. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजे तर क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. शिवाय एनसीएएच्या नियमाने पाच वर्षांत चारच हंगाम खेळता येत आणि कम्युनिटी कॉलेजातली वर्षेही त्यात मोजली जात. व्हँडरबिल्टच्या डिएगो पाविया या खेळाडूने याविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला आणखी एक हंगाम खेळू देण्याचा अंतरिम आदेश दिला. १९३७ मध्ये ज्यांना स्पर्धेत घेतले नाही, त्यांच्याकडे खेळलेला हंगाम मात्र हिशोबात धरायचा, यातली विसंगती अखेर कोर्टात पोहोचली.

या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. खेळायला मिळणे, वय आणि समज वाढणे, खर्च वाचणे यासाठी कम्युनिटी कॉलेज पुष्कळदा सरस ठरते. पण तिथे घेतलेल्या विषयांपैकी किती विद्यापीठ मान्य करील, हे आधीच लेखी विचारून ठेवले पाहिजे. दोन वर्षे खेळून अर्धेच विषय मान्य झाले, तर स्वस्त वाटलेली वाट महाग पडते. विद्यापीठालाही विचारावे की तुमच्या संघातली किती मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. गुडघा दुखावला की मैदान एका दुपारीत संपते. त्यानंतर मुलाच्या हाती काय उरते, त्यावरूनच दोन्ही वाटांची किंमत ठरवायला हवी.