गुरूला न पटलेला प्रबंध

१९२८ साली इरावती कर्वे यांनी पीएच.डी.साठी जर्मनीला जायचं ठरवलं, तेव्हा सासऱ्यांनी विरोध केला. हे सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढणारे, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं करणारे. विधवेशी लग्न केलं म्हणून ज्यांनी समाजाचा बहिष्कार सोसला, त्यांनाही घरच्या सुनेचं परदेशी जाणं मान्य होईना. नवरा, दिनकर कर्वे, मात्र बायकोच्या पाठीशी उभा राहिला. पैशांची अडचण होती, ती डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जानं सुटली.

त्या काळी शिकायला परदेशी जायचं म्हणजे बहुधा विलायतेलाच जायचं. बॅरिस्टरी, आयसीएस किंवा केंब्रिजचं गणित, या ठरलेल्या वाटा. १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले र. पुं. परांजपे हे तर घरोघरी सांगितलं जाणारं उदाहरण. इरावतीबाई लहानपणी ब्रह्मदेशातून पुण्याला हुजूरपागेत शिकायला आल्या आणि वाढल्या त्या याच परांजप्यांच्या घरी. जर्मनीची वाट वेगळी होती. तिथे राज्यकर्त्यांची नोकरी मिळवायला कोणी जात नसे, प्रयोगशाळेत काम करायला जात. दिनकररावांनीही रसायनशास्त्राची डॉक्टरेट तिथूनच मिळवली होती. पनवेलचे गंगाधर अधिकारी तोच विषय घेऊन बर्लिनला गेले, तिथे कम्युनिस्ट झाले, १९२८च्या डिसेंबरात मायदेशी परतले आणि पुढच्या मार्चमध्ये मीरत खटल्यात पकडले गेले. अधिकारी परतीच्या तयारीत असतील, त्याच सुमारास इरावतीबाई बर्लिनमध्ये दाखल झाल्या.

त्यांची संस्था डाहलेम या उपनगरात होती. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था. आदल्याच वर्षी, १९२७ साली, ती सुरू झाली होती. संचालक ऑयगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन त्यांनी १९१३ साली ग्रंथ लिहिला होता आणि त्यावर नाव कमावलं होतं. गोरा वंश श्रेष्ठ, हे त्यांच्या शास्त्राचं गृहीतच होतं. पुढे नाझी सत्तेवर आले, त्या १९३३ साली हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

या गुरूनं पुण्याच्या विद्यार्थिनीला दिलेला विषय होता, माणसाच्या कवटीतली विषमता. कोणतीच कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. डावं-उजवं थोडं कमीजास्त असतंच. हा फरक वंशानुसार बदलतो आणि युरोपीय माणसाची श्रेष्ठता त्यात दिसते, अशी फिशर यांची अटकळ होती. ती खरी की खोटी हे ठरवायचं तर टेबलावर कवट्या मांडून मोजायला बसायचं. कवटी हातात घ्यायची, मधली रेषा पक्की करायची, मग उजवीकडचं अंतर, डावीकडचं अंतर, मिलिमीटरमध्ये. वहीत नोंद, आणि पुढची कवटी. इरावतीबाईंनी अशा १४९ कवट्या मोजल्या. संग्रहातल्या कवट्या युरोपातल्या होत्या तशा वसाहतींतून आणलेल्याही होत्या. कोणाच्या कबरीतून, कोणाच्या परवानगीनं, हे त्या काळी तिथे कोणी विचारत नसे.

आकडे जुळवल्यावर उत्तर साफ आलं. विषमता सगळ्यांतच होती, आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नव्हता. इरावतीबाईंनी प्रबंधात तेच लिहिलं. गुरूला ते रुचलं नाही. १९३० साली पदवी मिळाली, पण श्रेणी उत्तीर्ण होण्यापुरतीच.

परदेशी शिक्षणानं दृष्टी रुंदावते, असं आपण सहज म्हणून जातो. इथे नेमकं काय झालं ते पाहावं. बर्लिननं या पंचविशीतल्या बाईला जे मत द्यायचं ठरवलं होतं, ते तिनं घेतलंच नाही. घेतलं ते मोजायचं शास्त्र, आणि त्या शास्त्रानं जे दाखवलं ते पदवी पणाला लावून मांडलं. परक्या शहरात, कर्जाच्या पैशांवर, संस्थेच्या संचालकासमोर! एवढं धाडस मोठमोठ्या प्राध्यापकांनाही जमत नाही.

म्हणून त्या बर्लिनचं सारं मागे टाकून परतल्या असं मात्र नाही. मोजमापाची सवय आयुष्यभर राहिली. आधी महिला विद्यापीठाचं निबंधकपद आणि मग १९३९ पासून डेक्कन कॉलेज, असा त्यांचा प्रवास झाला. महाराष्ट्रातल्या जातीजमातींमध्ये हिंडताना त्या डोकी, नाकं, उंची मोजतच राहिल्या. माणसांना असं मापात पकडणं आज खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. तरी त्या आकड्यांमधून त्यांच्या हाती काय लागलं, तेही सांगायला हवं. मुंबईतले त्यांचे पहिले गुरू गो. स. घुर्ये यांचं मत असं, की एकच मूळ जात फुटत गेली आणि पोटजाती झाल्या. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या ब्राह्मण जातींची मापं पाहून इरावतीबाई म्हणाल्या, तसं नव्हे. या मुळात वेगवेगळ्या गटांच्या जाती आहेत, शेजारी शेजारी येऊन बसलेल्या. म्हणजे दुसऱ्या गुरूशीही मतभेद झाला, आणि तोही पुराव्यानिशी. १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला, तेव्हा कवट्यांच्या जागी भाषा, नात्यांची नावं आणि लग्नाचे नियम आले होते. ‘युगान्त’ त्यानंतरचं. वाचकांना त्या आठवतात त्या बहुतेक याच पुस्तकामुळे.

आज मराठी मुलंमुली जर्मनीला मोठ्या संख्येनं शिकायला जातात. बर्लिनला गेलात तर डाहलेममधल्या इह्ने रस्त्यावरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीपाशी जरूर जा. फिशर यांची संस्था याच इमारतीत होती. ती आता फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे आणि त्या संस्थेचा काळा इतिहास सांगणारा फलक तिथे लावला आहे. २०१४ साली याच परिसरात खोदकाम करताना मानवी हाडं सापडली. पुढच्या उत्खननात हजारो तुकडे निघाले, आणि २०२३ साली त्यांचं दफन झालं.