चाळीत आणि वसाहतीत झुरळे, ढेकूण, उंदीर: कमी विषात पक्का बंदोबस्त

चाळ, म्हाडाची वसाहत, पोलीस लाइन किंवा पुनर्वसनाची इमारत, सगळीकडे एका घराची भिंत, मोरीचा पाइप आणि डक्ट शेजारच्या घराला जोडलेले असतात. त्यामुळे एका घरात फवारणी केली की काही झुरळे मरतात, बाकीची फटीतून शेजारी जातात आणि थोड्या दिवसांनी परत येतात. मग आणखी जालीम औषध आणले जाते. इथेच धोका वाढतो, कारण झुरळांप्रमाणे विषारी वायूही भिंत ओलांडतो.

यावर एकात्मिक कीड नियंत्रण हा उपाय आहे. शेतीत ही पद्धत परिचित आहे. किडीचे अन्न, पाणी आणि लपायच्या जागा आधी बंद करायच्या आणि विष शेवटी, थोडे व नेमक्या जागी वापरायचे.

आरोग्याशी काय संबंध?

झुरळांची विष्ठा, लाळ आणि कात धुळीत मिसळते. अनेक मुलांना तिची अॅलर्जी असते आणि त्यामुळे दमा बळावतो. अमेरिकेतील आठ शहरांत दमा असलेल्या मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळांची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत तो घटक जास्त होता, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण इतर मुलांच्या तिपटीहून अधिक होते. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. ढेकणांमुळे आजार पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही, पण खाज आणि झोपमोड मात्र होते.

वारंवार फवारणी करणे हेही दम्याच्या रुग्णाला चांगले नाही. फवाऱ्यामुळे धाप लागू शकते. औषधाचा थर जमिनीवर राहतो आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जातो.

ही पद्धत खरोखर उपयोगी पडते का?

न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींमधील १३ इमारतींत हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. काही घरांत नेहमीची पद्धत चालू ठेवली. बाकीच्या घरांत साफसफाई करून फटी बुजवल्या आणि नेमक्या जागी औषध लावले. तीन महिन्यांनी या घरांत झुरळे कमी होती. सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात आणि अंथरुणातही अॅलर्जीचा घटक कमी आढळला.

झुरळे: पायरीपायरीने

१. आधी पाहणी करावी. रात्री दिवा बंद ठेवून तासाभराने बॅटरी लावून पाहावे. ओट्याखाली, गॅसच्या मागे, फ्रिजच्या मोटरजवळ आणि कपाटाच्या बिजागरीत झुरळे दिसतील. लहान, फिकट तपकिरी झुरळे घरातच वाढतात. मोठी, लालसर झुरळे बहुधा गटारातून येतात. त्यांच्यासाठी मोरीला जाळी लावणे हाच मुख्य उपाय.

२. अन्न आणि पाणी तोडावे. खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. गळका नळ दुरुस्त करावा. झोपण्यापूर्वी ओटा आणि बेसिन कोरडे पुसावे.

३. फटी बुजवाव्यात. पाइप भिंतीत शिरतो ती जागा सिमेंटने भरावी. पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी साठवू नये.

४. फवाऱ्याऐवजी जेल वापरावे. मसुराच्या दाण्याएवढे थेंब फटीत, बिजागरीत आणि बेसिनखाली लावावेत. झुरळ ते खाऊन आपल्या जागी जाऊन मरते. त्याची विष्ठा खाणारी पिलेही मरतात. जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. फवाऱ्यांतील नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना लहान झुरळे अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. फवारे मारूनही झुरळे टिकतात याचे हे एक कारण आहे.

ढेकूण

गादीची शिवण, खाटेचे सांधे आणि भिंतीवरील बोर्डामागची फट तपासावी. चादरी व कपडे ६० अंशांपेक्षा गरम पाण्यात धुवावेत. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. अंडी शिल्लक राहतात, म्हणून दोन आठवड्यांनी हे सर्व पुन्हा करावे. गादीवर फवारणी करू नये.

उंदीर

अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा उंदीर येतो, तर लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फटही पुरते. भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावावे. पिंजरा किंवा सापळा वापरावा.

उंदीर मारण्याची विषारी वडी मुले खाऊ समजून तोंडात घालतात. तिच्यातील औषधामुळे रक्त गोठत नाही आणि रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी दिसतो. वडी ठेवायचीच असेल तर कुलूपबंद पेटीतच ठेवावी. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. ती टूथपेस्टसारखी दिसते. सुरुवातीच्या उलट्यांनंतर एक-दोन दिवस मूल बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. म्हणून मूल ठीक दिसत असले तरी लगेच रुग्णालयात न्यावे.

घरात कधीही आणू नये

• अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. या धान्याच्या कोठारासाठी असतात. हवेतील ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो फटीतून आणि डक्टमधून शेजारच्या घरात जातो. झोपलेली माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या घटना भारतात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. या विषावर उतारा नाही. सामान्य नागरिकाने तो वापरण्याला कायद्याने परवानगी नाही.
• शेतीची कीटकनाशके.
• डायक्लोरव्हॉस. यावर भारतात २०२० अखेरपासून बंदी आहे.
• लेबल नसलेली, बाटलीत किंवा पुडीत सुटी मिळणारी औषधे.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना

परवाना पाहावा. कोणते औषध वापरणार ते लेखी घ्यावे आणि डब्याचे लेबल वाचावे. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर विष अतितीव्र असते. पिवळा, निळा आणि हिरवा या क्रमाने तीव्रता कमी होते. "गोळ्या ठेवतो, दोन दिवस घर बंद ठेवा" असे कोणी म्हणाल्यास स्पष्ट नकार द्यावा. फवारणी होणार असेल तर शेजाऱ्यांना आधी कळवावे. गरोदर स्त्री, बाळ, दम्याचा रुग्ण आणि पाळीव प्राणी यांना बाहेर ठेवावे. अन्न व भांडी झाकावीत. लेबलवर दिलेल्या वेळेनंतर खिडक्या उघडून घरात वारा खेळू द्यावा आणि मगच राहायला यावे.

विषबाधेची शंका आल्यास

अचानक उलट्या, छातीत दडपण, धाप, चक्कर, लाळ गळणे किंवा घरात लसणासारखा वा सडक्या मासळीसारखा वास ही धोक्याची लक्षणे आहेत. एकाच वेळी घरातील अनेकांना त्रास होत असेल तर त्याला केवळ अन्नातून विषबाधा समजू नये. वास नसला तरी वायू असू शकतो.

• सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि शेजाऱ्यांनाही बाहेर काढावे.
• अंगावर औषध सांडले असल्यास कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे. डोळे १५ मिनिटे पाण्याने धुवावेत.
• उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध किंवा तूप पाजू नये.
• १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्यावा. शेजारी फवारणी झाली असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

काम सर्वांचे

एका घराने कितीही काळजी घेतली तरी डक्टमध्ये कचरा साचत असेल तर उपयोग होत नाही. सोसायटीने किंवा चाळ समितीने सर्व घरांची पाहणी एकाच आठवड्यात करावी. गळके पाइप आणि तुटलेली झाकणे यांची यादी करून दुरुस्ती करून घ्यावी. कोणत्या घरात, कधी, कोणते औषध वापरले याची वही ठेवावी. घरमालक किंवा भाडेकरूने परस्पर गोळ्या ठेवू नयेत, असा ठराव सभेत करून तो सूचनाफलकावर लावावा.